जाहिरातीतील प्रचारतंत्रे कशी ओळखावीत? रायपूरने दिलेला धडा

केंद्र सरकारने ५ नोव्हेंबर २०२३ रोजी ‘महादेव बुक’सह २२ बेकायदा सट्टेबाजी ॲप आणि संकेतस्थळे बंद करण्याचे आदेश दिले. सक्तवसुली संचालनालयाच्या विनंतीवरून झालेल्या या कारवाईमुळे छत्तीसगडची राजधानी रायपूर आणि शेजारचे पोलाद शहर भिलाई ही नावे देशभर चर्चेत आली. या सट्टा ॲपचे प्रवर्तक म्हणून तपासात ज्यांची नावे पुढे आली, ते मूळचे भिलाईचे. तपासाची सूत्रे रायपूरच्या कार्यालयाकडे होती आणि पहिले आरोपपत्र ऑक्टोबर २०२३ मध्ये दाखल झाले, तेही रायपूरच्याच विशेष न्यायालयात.

या प्रकरणाच्या आर्थिक आणि राजकीय बाजूंवर पुष्कळ लिहिले गेले. मात्र त्यातील एका बाबीकडे तुलनेने कमी लक्ष गेले. ती बाब म्हणजे जाहिरात. सक्तवसुली संचालनालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, नवे खेळाडू आणि नवे शाखाचालक मिळविण्यासाठी भारतात जाहिरातींवर मोठ्या प्रमाणात रोख रक्कम खर्च करण्यात येत होती. समाजमाध्यमांवर संपर्क क्रमांक दिले जात आणि त्या क्रमांकांशी केवळ व्हॉट्सॲपवरूनच संपर्क साधता येत असे. सुरुवातीला थोडे पैसे जिंकता आले, तरी अंतिमतः खेळाडूच हरेल आणि शाखाचालकाचे नुकसान होणार नाही, अशी या व्यवस्थेची रचना होती, असे तपास यंत्रणेचे म्हणणे आहे. पुढे राज्य सरकारने हे प्रकरण केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविले आणि त्या विभागाने मार्च २०२५ मध्ये अनेक ठिकाणी छापे घातले. आरोपांची सत्यता न्यायालयात ठरेल. परंतु बंदीचा आदेश निघण्यापूर्वी कितीतरी दिवस जाहिरात लोकांच्या हातातील मोबाइलपर्यंत पोहोचलेली होती, याबद्दल दुमत नाही.

कायदा नंतर येतो, जाहिरात आधी येते. या दोहोंच्या मधल्या काळात ग्राहकाचे संरक्षण करणारी एकच गोष्ट असते. ती म्हणजे समोरचा मजकूर कोणत्या युक्तीने आपले मन वळवू पाहत आहे, हे ओळखण्याची सवय. या युक्त्या नव्या नाहीत. त्यांची यादी जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वीच तयार झालेली आहे.

प्रचार आणि जाहिरात

मराठीत ‘प्रचार’ म्हटले की निवडणूक आठवते आणि ‘जाहिरात’ म्हटले की बाजारपेठ. हिंदी भाषक प्रदेशातील बोलीत मात्र ही सीमारेषा तितकीशी स्पष्ट नाही. दूरचित्रवाणीवर मालिकेच्या मध्ये साबणाची जाहिरात लागली, तर तिलाही तेथे अनेकजण सहजपणे ‘प्रचार’ असेच म्हणतात. या वापरात एक ऐतिहासिक सत्य दडलेले आहे. आधुनिक जाहिरात आणि आधुनिक राजकीय प्रचार यांची वाढ एकाच काळात, बऱ्याच अंशी एकाच वर्गाच्या हातून झाली.

अमेरिकेने १९१७ साली पहिल्या महायुद्धात प्रवेश केला, तेव्हा जनमत अनुकूल करण्यासाठी तेथील सरकारने लोकमाहिती समिती स्थापन केली. त्या समितीसाठी काम केलेले एडवर्ड बर्नेज युद्धानंतर उद्योगांचे जनसंपर्क सल्लागार बनले. मनोविश्लेषणाचे प्रवर्तक सिग्मंड फ्रॉइड यांचे ते भाचे. १९२८ साली त्यांनी ‘प्रॉपगँडा’ याच नावाचे पुस्तक लिहिले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमधील ईस्टरच्या मिरवणुकीत त्यांनी तरुणींना जाहीरपणे सिगारेट ओढावयास लावले आणि त्या सिगारेटना ‘स्वातंत्र्याच्या मशाली’ असे नाव मिळवून दिले. ग्राहक एक सिगारेट कंपनी होती; परंतु वृत्तपत्रांत बातमी झळकली ती स्त्रियांच्या समानतेची. वस्तूचा एकही गुण न सांगता वस्तू विकण्याचे हे प्रसिद्ध उदाहरण आहे.

याच काळात युरोपात हुकूमशाही राजवटींचा प्रचार शिगेला पोहोचला होता. सर्वसामान्य नागरिकाला प्रचार ओळखता यावा, या हेतूने १९३७ साली न्यूयॉर्क येथे ‘इन्स्टिट्यूट फॉर प्रॉपगँडा ॲनॅलिसिस’ ही संस्था स्थापन झाली. कोलंबिया विद्यापीठाच्या अध्यापक महाविद्यालयातील क्लाइड मिलर हे तिचे प्रमुख संस्थापक, तर आरंभीचे आर्थिक साहाय्य बोस्टनचे व्यापारी एडवर्ड फायलीन यांचे. स्वतः मोठे दुकान चालविणाऱ्या गृहस्थाने या कामास पैसा द्यावा, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट होय. संस्थेने त्याच वर्षी प्रचाराची सात तंत्रे निश्चित केली आणि ती अमेरिकेतील शाळा-महाविद्यालयांत शिकविली जाऊ लागली. संस्थेचे काम १९४२ पर्यंत थांबले. यादी मात्र टिकून राहिली.

भारतात आकाशवाणीच्या विविध भारतीवर १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवरून जाहिराती प्रसारित होऊ लागल्या, तर दूरदर्शनवर त्या १९७६ साली आल्या. तेव्हापासून आजच्या मोबाइलपर्यंत माध्यमे बदलत गेली, तरी सात तंत्रांपैकी एकही कालबाह्य झालेले नाही.

पहिले तंत्र : नावे ठेवणे

प्रतिस्पर्ध्याला एखादे वाईट विशेषण चिकटवावयाचे आणि पुरावा मागण्यापूर्वीच ऐकणाऱ्याच्या मनात तिटकारा निर्माण करावयाचा, हे सर्वांत जुने तंत्र. राजकारणात ते उघडपणे दिसते. जाहिरातीत ते ‘साधा साबण’, ‘इतर पेस्ट’, ‘जुनाट पद्धत’ अशा शब्दांत वावरते. दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये एका च्यवनप्राशाच्या जाहिरातीस अंतरिम मनाई केली. बाजारातील अन्य च्यवनप्राशांना त्या जाहिरातीत ‘धोका’ म्हटले होते. आपला माल उत्तम असल्याचे सांगण्याची, तुलना करण्याचीही मुभा व्यापाऱ्याला आहे. परंतु दुसऱ्याच्या मालाची बदनामी करण्याची मुभा नाही, हे तत्त्व भारतीय न्यायालयांनी वेळोवेळी मांडलेले आहे.

ग्राहकाने येथे विचारावयाचा प्रश्न सोपा आहे : दुसऱ्याला दिलेले हे नाव बाजूला काढले, तर या जाहिरातीत शिल्लक काय राहते?

दुसरे तंत्र : दिपवून टाकणारे मोघम शब्द

‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’, ‘आरोग्यदायी’, ‘वैज्ञानिक’, ‘पारंपरिक’. या शब्दांना कोणीही विरोध करीत नाही, कारण त्यांचा नेमका अर्थ कोणीच सांगत नाही. २०२४ साली या तंत्राची दोन ठळक उदाहरणे समोर आली. केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्रालयाने एप्रिलमध्ये ई-व्यापार कंपन्यांना, ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून बोर्नव्हिटासह अन्य पेये वगळावीत, असा सल्ला दिला. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मध्ये ‘हेल्थ ड्रिंक’ या नावाची कोणतीही व्याख्याच नाही, हे त्यामागील कारण. म्हणजे ज्या शब्दावर विश्वास ठेवून असंख्य पालकांनी मुलांच्या दुधात भुकटी मिसळली, त्या शब्दाला कायद्यात स्थान नव्हते.

त्यानंतर जूनमध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, पाणी मिसळून पुन्हा तयार केलेल्या फळरसांच्या वेष्टनावरून आणि जाहिरातीतून ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढून टाकण्याचे निर्देश दिले. येथे आकडा होता, तरी तोही मोघमच होता. शंभर टक्के कशाचे, हे सांगितले नसेल तर तो आकडा नव्हे, विशेषणच होय.

तिसरे तंत्र : उसनी प्रतिष्ठा

ज्या गोष्टीविषयी लोकांच्या मनात आधीच आदर आहे, ती आपल्या मालाशेजारी आणून ठेवावयाची. राष्ट्रध्वजाचे तीन रंग, देवळाचा कळस, प्रयोगशाळेतील पांढरा अंगरखा, सरकारी शिक्क्यासारखे दिसणारे वर्तुळ, ही त्याची नेहमीची साधने. दाव्याला पुरावा नसतो. परंतु आदर एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर अलगद सरकतो. ज्या ॲपवर बंदी आली त्याच्या नावातही लक्षावधी लोकांच्या आराध्य दैवताचे नाव होते, हे येथे नोंदविले पाहिजे.

या तंत्राचा एक प्रकार आपल्याकडे फार बोकाळला आहे. त्यास छुपी किंवा आडमार्गाची जाहिरात म्हणतात. मद्याची जाहिरात करता येत नाही, म्हणून त्याच नावाच्या सोड्याची करावयाची. तंबाखूची करता येत नाही, म्हणून त्याच नावाच्या वेलचीची. छत्तीसगड आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, तथापि त्या बंदीनंतरही मिळतीजुळती नावे आणि तीच रंगसंगती भिंतींवर व पडद्यावर दिसत राहिली. सट्टेबाजीच्या संकेतस्थळांनी तर बातम्या आणि क्रीडावृत्ताची संकेतस्थळे काढून त्यांच्या आडून जाहिराती केल्या. माहिती व प्रसारण मंत्रालयाने ३ ऑक्टोबर २०२२ रोजी दूरचित्रवाणी वाहिन्या आणि डिजिटल माध्यमांना जारी केलेल्या सूचनांत नेमके हेच निदर्शनास आणून दिले होते. बातमीची प्रतिष्ठा जुगाराला उसनी देण्याचा तो प्रकार होता.

चौथे तंत्र : नामवंतांची ग्वाही

चित्रपट कलावंत किंवा क्रिकेटपटू एखाद्या वस्तूची शिफारस करतो, तेव्हा दोन भिन्न गोष्टींची सरमिसळ होते. त्याचे कौशल्य एका क्षेत्रातील असते आणि शिफारस दुसऱ्या क्षेत्रातील. वस्तूविषयी त्याला काय ठाऊक आहे, हा प्रश्न प्रसिद्धीच्या झगमगाटात विरून जातो. महादेव प्रकरणात काही चित्रपट कलावंतांना ऑक्टोबर २०२३ मध्ये रायपूर येथील कार्यालयात चौकशीसाठी हजर राहण्याचे समन्स धाडण्यात आले. समन्स म्हणजे आरोप नव्हे. परंतु जाहिरात करणाऱ्याने मालकाविषयी किती चौकशी करावयास हवी, हा प्रश्न या निमित्ताने देशापुढे आला.

ग्वाही नेहमीच खोटी असते, असे मात्र नाही. शेजारच्या शेतकऱ्याने एखादे बियाणे दोन हंगाम पेरून पाहिले आणि आपला अनुभव सांगितला, तर तो उपयुक्त पुरावा आहे. फरक इतकाच की त्याने ते स्वतः वापरलेले असते आणि सांगण्याबद्दल त्याला मोबदला मिळालेला नसतो. म्हणून ग्वाही देणाऱ्याविषयी दोन गोष्टी पाहाव्यात : त्याला विषयाचे ज्ञान किंवा अनुभव आहे काय, आणि त्याचा त्यात आर्थिक हितसंबंध आहे काय. समाजमाध्यमांवरील प्रभावकांनी मोबदला घेऊन मजकूर प्रसारित केल्यास तो ‘जाहिरात’ किंवा ‘प्रायोजित’ असल्याचे स्पष्ट सांगावे, असे मार्गदर्शन केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये केले, ते याच कारणासाठी.

पाचवे तंत्र : आपल्यातलाच माणूस

नामवंताच्या अगदी उलट असे हे तंत्र. येथे सांगणारा मुद्दाम साधा असतो. तो आपली बोली बोलतो, आपल्यासारखाच पोशाख करतो आणि ‘मीही तुमच्यासारखाच होतो’ अशी सुरुवात करतो. जाहिरातपटात हा एक नट असतो, म्हणून त्याला ओळखणे जमते. परंतु छत्तीसगडला या तंत्राचा जो अनुभव आला, त्यात तो नट नव्हता. तो खरोखरच आपल्यातला होता. या अनुभवाचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

सहावे तंत्र : सोयीचे तेवढेच सांगणे

या तंत्रात एकही वाक्य खोटे नसते. केवळ गैरसोयीची बाजू वगळलेली असते. खासगी शिकवणी वर्गांच्या जाहिराती हे त्याचे नित्याचे उदाहरण. भिलाई-रायपूर पट्ट्यात, लातूर-नांदेडमध्ये, पुण्यात निकालाच्या दुसऱ्या दिवशी यशस्वी विद्यार्थ्यांच्या छायाचित्रांनी चौक भरून जातात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ साली चेन्नईच्या एका संस्थेस ५ लाख रुपयांचा दंड केला. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२२ च्या नागरी सेवा परीक्षेत निवडल्या गेलेल्या ९३३ उमेदवारांपैकी ३३६ आपले, असा तिचा दावा होता. चौकशीत आढळले की त्यांपैकी २२१ जणांनी केवळ मुलाखतीच्या विनामूल्य मार्गदर्शनाचा लाभ घेतला होता. पूर्व आणि मुख्य परीक्षा ते आधीच उत्तीर्ण झालेले होते. छायाचित्रे खरी, नावे खरी, निकालही खरा. फक्त कोणता अभ्यासक्रम घेतला, हे गाळलेले. त्याच वर्षी १३ नोव्हेंबर रोजी प्राधिकरणाने शिकवणी वर्गांच्या जाहिरातींसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे जारी केली.

छायाचित्रे मोजणारा पालक एकूण विद्यार्थ्यांची संख्या विचारीत नाही. पन्नास यशस्वी झाले हे कळले, तरी पन्नास जण शंभरांतून की दहा हजारांतून, हे कळल्यावाचून त्या आकड्याला अर्थ नाही.

सातवे तंत्र : सर्वांबरोबर चला

अमेरिकेतील निवडणूक मिरवणुकीत वाजंत्र्यांची एक गाडी पुढे असे आणि लोक उत्साहाने तिच्यावर चढत. या तंत्राला इंग्रजीत त्या गाडीचेच नाव मिळाले आहे. ‘देशातील क्रमांक एक’, ‘कोट्यवधी ग्राहकांचा विश्वास’, ‘तुमच्या शहरातील सारे वापरू लागले, तुम्ही?’ ही त्याची ओळखीची रूपे. मागे राहण्याची भीती आणि घाई ही त्याची इंधने. ‘आता केवळ दोनच नग शिल्लक’ किंवा ‘सवलत संपण्यास दहा मिनिटे’ असे पडद्यावर सरकणारे आकडे याच जातीचे. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन खरेदीतील फसव्या रचनांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली, त्यांत अशा १३ प्रकारांचा उल्लेख असून खोटी निकड निर्माण करणे हा त्यांतील एक आहे.

रायपूरचा धडा : चिटफंड कंपन्या

वर सांगितलेली सातही तंत्रे एकत्र आली म्हणजे काय होते, हे छत्तीसगडने चिटफंडच्या नावाखाली आलेल्या कंपन्यांच्या काळात पाहिले. मुळात चिटफंड हा बेकायदा व्यवसाय नाही. चिटफंड कायदा, १९८२ अन्वये नोंदणी करून तो चालविता येतो. महाराष्ट्रात परिचित असलेल्या भिशीचेच ते नियमबद्ध रूप. परंतु छत्तीसगडच्या गावोगावी ज्यांना लोक ‘चिटफंड कंपनी’ म्हणत, त्यांपैकी बऱ्याच कंपन्या प्रत्यक्षात चिटफंड नव्हत्याच. शेती, जमीन, घरबांधणी यांच्या नावाने त्या जनतेकडून ठेवी गोळा करीत आणि अल्प काळात दामदुपटीचे आश्वासन देत.

त्यांच्या जाहिरातीत उसनी प्रतिष्ठा भरपूर असे. कंपनी निबंधकाकडील नोंदणीचे प्रमाणपत्र चौकटीत बसवून दर्शनी भागी लावले जाई आणि ‘सरकारमान्य’ हा शब्द त्याच्या जोडीला येई. कंपनीची नोंदणी होणे ही एक गोष्ट आणि जनतेकडून ठेवी स्वीकारण्याची परवानगी असणे ही सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे, हे सामान्य ठेवीदाराला कोण सांगणार? वातानुकूलित कार्यालय, मोठ्या हॉटेलातील सभा, गुणवंत अभिकर्त्यांना मंचावर मोटारगाडीची किल्ली देण्याचा समारंभ, ही सारी ‘सर्वांबरोबर चला’ या तंत्राची अंगे होती. पहिल्या काही ठेवीदारांना मुदतीत पैसे मिळत आणि त्यांचीच ग्वाही पुढच्यांसाठी जाहिरात ठरे. नव्या ठेवींतून जुन्या ठेवी फेडल्या जात असल्याचे मात्र सांगितले जात नसे.

परंतु या साऱ्यांपेक्षा प्रभावी ठरला तो अभिकर्ता. तो गावातलाच शिकलेला, बेरोजगार तरुण असे. तो ठेवीदाराचा पुतण्या, मेहुणा, शाळेतला मित्र किंवा शेजारी असे. अनेक अभिकर्त्यांनी आपल्या घरचे पैसेही त्याच कंपनीत गुंतविले होते. तो खोटे बोलत नव्हता. त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला होता. ज्याच्या तोंडून जाहिरात येते, तो प्रामाणिक असला की जाहिरातही प्रामाणिक असली पाहिजे, असा निष्कर्ष मन आपोआप काढते, आणि हाच ‘आपल्यातला माणूस’ या तंत्राचा सर्वांत मोठा धोका आहे. कंपन्या बुडाल्यावर स्थानिक अभिकर्त्यांवरही गुन्हे दाखल झाले. पुढे राज्य सरकारने त्यांच्यावरील खटले मागे घेण्याचा निर्णय घेतला. मात्र नात्यांत पडलेली तेढ अशा निर्णयाने मिटत नाही.

ठेवीदारांच्या हितरक्षणासाठी छत्तीसगडने २००५ सालीच स्वतंत्र कायदा केलेला होता. त्याअन्वये कंपन्यांच्या मालमत्ता जप्त करून लिलाव करण्याची कार्यवाही पुढे झाली. महाराष्ट्राच्या गोंदिया आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या पलीकडच्या राजनांदगाव जिल्ह्यात एका कंपनीच्या सुमारे १७ हजार ठेवीदारांना सव्वासात कोटींहून अधिक रक्कम परत देण्यात आली. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातील ठेवीदारांकडून परताव्यासाठी अर्ज मागविण्यात आले. राजनांदगावच्या आकड्यांचा भागाकार केल्यास दर ठेवीदारामागे सरासरी सव्वाचार हजारांच्या आसपास रक्कम येते. ठेवी ठेवणारे किती लहान होते आणि हाती आलेली रक्कम किती अल्प होती, याची कल्पना त्यावरून यावी.

हा अनुभव एकट्या छत्तीसगडचा नाही. शेतजमिनीच्या विक्री व विकासाच्या नावाने देशभरातून पैसा गोळा करणाऱ्या पर्ल्स समूहातील पीएसीएल कंपनीने सुमारे ४९ हजार १०० कोटी रुपये गुंतवणूकदारांना परत करावेत, असा आदेश ‘सेबी’ने २२ ऑगस्ट २०१४ रोजी दिला. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशाने २०१६ साली निवृत्त सरन्यायाधीश आर. एम. लोढा यांच्या अध्यक्षतेखाली परताव्यासाठी समिती नेमावी लागली. महाराष्ट्रातील ठेवीदारांनाही या कंपनीची झळ बसली होती.

चिटफंडचा अभिकर्ता आणि सट्टा ॲपचा शाखाचालक यांच्यातील साम्य येथे ध्यानात यावे. दोन्ही ठिकाणी कंपनी दूर आणि अदृश्य असते, तर दारात उभा असतो तो ओळखीचा चेहरा. वहीऐवजी मोबाइल आला, एवढाच बदल.

कायद्याचे संरक्षण कोठपर्यंत?

फसव्या जाहिरातींविरुद्ध भारतात आज पुरेसे कायदे आहेत. औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ सालचा असून मधुमेह, कर्करोग यांसारख्या रोगांवर हमखास उपायाच्या जाहिराती त्याने निषिद्ध ठरविल्या आहेत. अनियंत्रित ठेव योजनांवर २०१९ च्या कायद्याने बंदी आली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जुलै २०२० मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अस्तित्वात आले. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकास किंवा शिफारस करणाऱ्यास १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करण्याचा अधिकार त्यास आहे. शिफारस करणाऱ्या व्यक्तीवर एक वर्ष, पुनरावृत्ती झाल्यास तीन वर्षे, जाहिरात करण्यास बंदी घालता येते. ९ जून २०२२ रोजी अधिसूचित झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी आडमार्गाच्या जाहिराती निषिद्ध ठरविल्या आणि खुलासा ज्या भाषेत दावा आहे त्याच भाषेत असावा, असेही बंधन घातले. मराठीत मोठ्या अक्षरांत आश्वासन आणि इंग्रजीत बारीक अक्षरांत अटी, हा प्रकार त्यामुळे नियमबाह्य ठरतो. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. अशा जाहिरातीबद्दल दोन वर्षांपर्यंत कारावास आणि ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे.

तथापि वरील तारखांचा क्रम पाहिला असता एक गोष्ट स्पष्ट होते. प्रत्येक नियम हा आधी झालेल्या नुकसानीनंतर आलेला आहे. शिवाय कायदा खोट्या विधानाला शिक्षा करू शकतो. मोघम विशेषणाला, गाळलेल्या माहितीला किंवा पुतण्याच्या आग्रहाला तो क्वचितच हात घालू शकतो.

ग्राहकाने काय करावे?

एखाद्या जाहिरातीत वरील तंत्र आढळले म्हणजे ती फसवीच आहे, असे समजण्याचे कारण नाही. चांगल्या वस्तूची जाहिरातही विशेषणे वापरते, नामवंतांना बोलावते. लसीकरणाच्या सरकारी मोहिमेतही कलावंत आवाहन करतात. तंत्र ओळखण्याचा उपयोग वस्तू नाकारण्यासाठी नसून, निर्णय क्षणभर लांबवून पुरावा मागण्यासाठी आहे. त्यासाठी पुढील पाच प्रश्न पुरेसे आहेत.

१. विशेषणे, संगीत, चेहरे आणि रंग वजा केल्यास जाहिरातीत पडताळून पाहता येईल असे कोणते विधान उरते?

२. सांगणाऱ्याला या व्यवहारातून काय मिळते? तो ओळखीचा असला, तरी हा प्रश्न विचारावा. किंबहुना ओळखीचा असल्यास तो अवश्य विचारावा.

३. कोणता आकडा सांगितलेला नाही? यशस्वी किती हे सांगितले असेल, तर एकूण किती? जिंकणारे दाखविले असतील, तर हरणारे किती?

४. आज निर्णय न घेता आठ दिवसांनी घेतला, तर खरोखर काय बिघडेल?

५. ज्या परवान्याचा उल्लेख आहे, तो याच कामासाठी आहे काय? ठेवी स्वीकारणाऱ्या संस्थेविषयी ही माहिती रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ या संकेतस्थळावर पाहता येते.

दुसरा प्रश्न विचारणे सर्वांत अवघड असते. दूरचित्रवाणीवरील कलावंताला शंका विचारण्यात संकोच नसतो. घरी आलेल्या मेहुण्याला ‘यात तुला किती मिळतात?’ असे विचारणे अपमानाचे वाटते. याच संकोचावर छत्तीसगडमधील ठेवयोजना उभ्या राहिल्या होत्या. हा प्रश्न नात्याचा अनादर करणारा नसून नाते वाचविणारा आहे, हे घराघरांत बोलले गेले, तर पुढच्या अभिकर्त्याचेही त्यात हितच आहे. कंपनी बुडाल्यावर पोलिसांच्या आणि नातलगांच्या रोषाला प्रथम तोच सामोरा जातो.

दिशाभूल करणारी जाहिरात आढळल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. ऑनलाइन आर्थिक फसवणूक झाली असल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे, कारण पहिल्या काही तासांत रक्कम गोठविण्याची शक्यता अधिक असते. जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था असलेली भारतीय जाहिरात मानक परिषद १९८५ पासून कार्यरत असून तिच्याकडेही तक्रार करता येते. तक्रार करताना जाहिरातीचे छायाचित्र, ती पाहिल्याची तारीख आणि ज्या क्रमांकावरून संदेश आला तो क्रमांक जपून ठेवावा; संदेश पुसून टाकल्यास पुरावाही पुसला जातो.